शाळेतून 'उपचारात्मक वर्गा'ची चिठ्ठी आली, म्हणजे नेमकं काय?

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा परत सुरू झाली की आठवड्याभरात आमच्या शाळेतून सात-आठ घरी एक चिठ्ठी जाते. दोनच ओळी असतात. 'आपल्या पाल्यास उपचारात्मक अध्यापनाच्या वर्गास बसवण्यात येत आहे, कृपया सही करून पाठवावी.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपाशी कुणाची तरी आई उभी असते, रात्रभर झोपलेली नाही हे तोंडावरच दिसतं. मागच्या वर्षी एकीनं मला विचारलं, "टीचर, म्हज्या भुरग्याक कितें जालां?" माझ्या मुलाला झालंय काय? 'उपचार' म्हटलं की माणसाला औषध, डॉक्टर, आजार हेच आठवणार ना. तिच्या मुलाला काहीही झालेलं नव्हतं, दुसरीत आला तरी तो जोडाक्षरांशी अडकत होता इतकंच, पण ते तिला समजावेपर्यंत प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, कारण आपल्या गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला मुलं हायस्कूलला जातात. या चिठ्ठीबद्दल आणि शाळेत चालणाऱ्या ॲक्टिव्हिटींबद्दल पालकांचे खूप गैरसमज आहेत, त्यात त्यांचा दोष नाही, आम्ही शब्दच असले वापरतो. म्हणून एकदा बसून सगळं लिहायचं ठरवलं. 'उपचारात्मक अध्यापन' हा कागदावरचा शब्द झाला, त्याचा अर्थ एवढाच की मूल जिथे अडकलंय ती जागा शोधायची आणि तिथूनच शिकवायला घ्यायचं. यापुढे मी त्याला नुसतं जादा तास म्हणेन.

भिंतीवरचं 'निपुण' आणि तिसरीची एवढी घाई का

हल्ली शाळांच्या भिंतींवर आणि पेपरात 'निपुण' शब्द सारखा दिसतो. निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम, ५ जुलै २०२१ ला सुरू झाली. तिचं लक्ष्य असं की २०२६-२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं, लिहिता यावं आणि साधं गणित यावं. ती मुदत आता जवळ आली म्हणून एवढी धावपळ चाललीय.

लक्ष्य म्हणजे काय ते आकड्यांत सांगते, म्हणजे हवेतलं वाटणार नाही. पहिलीच्या शेवटी मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य, आधी न पाहिलेलं, वाचता यावं आणि ९९ पर्यंतचे आकडे यावेत. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत आकडे. तिसरीत मिनिटाला निदान ६० शब्द, तेही अर्थ समजून, आणि ९९९९ पर्यंत आकडे.

तिसरीच का, तर चौथीपासून पुढची सगळी पुस्तकं मुलाला वाचता येतं असं धरूनच लिहिलेली असतात. परिसर अभ्यासाचा धडा घ्या, गणितातलं शाब्दिक उदाहरण घ्या, वाचन अडलं की सगळंच अडतं, मग आपण म्हणतो याचं गणित कच्चं आहे, पण खरं तर त्याला 'एका पिशवीत १२ नारळ' हे वाक्यच नीट वाचता आलेलं नसतं. नारळ पाडणारा पाडेली माडावर चढतो तेव्हा खोडाला खाचा असतात, एकेका खाचेत पाय रोवत तो वर जातो, आता मधल्या दोन खाचा पाडायच्याच राहिल्या असतील तर माणूस कितीही चपळ असला तरी तिथेच लटकणार, आणि आपण खालून ओरडत राहायचं चढ रे चढ, त्याचा काय उपयोग? जादा तासाचं काम त्या राहिलेल्या खाचा पाडून देण्याचं.

वाचताना मुलाच्या डोक्यात काय चालतं

हा भाग जरा निवांत वाचा, कारण इथलं समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्याला वाचायची इतकी सवय झालीय की त्यात काही मेहनत असते हेच आपण विसरलो. मुलाच्या समोर वाक्य आहे, 'आजोबा कुळागरात सुपारी गोळा करतात.' तो वाचतो आ… जो… बा… कु… ळा… ग… रा… त… आणि शेवटपर्यंत पोचल्यावर मी विचारते, कोण गोळा करतंय रे? तो माझ्या तोंडाकडे बघतो. त्याचं लक्ष नव्हतं असं नाही, उलट सगळं लक्ष अक्षरं ओळखण्यातच संपलं. आपल्या डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात, ओंजळीतल्या पाण्यासारखं आहे ते. विहिरीवरून ओंजळ भरून घरापर्यंत भरभर चाललात तर थोडं तरी पाणी पोचेल, अडखळत थांबत गेलात तर दारात येईपर्यंत हात नुसते ओले. म्हणून मिनिटाला किती शब्द हे मोजतात. ती काही शर्यत नाही, एवढ्या वेगानं वाचलं तरच वाक्याचा अर्थ ओंजळीत टिकतो म्हणून ते मोजमाप.

त्यात आपली देवनागरी. सुंदर लिपी आहे, जसं लिहू तसं वाचू, पण मुलाला सुरुवातीला पुष्कळ पचवावं लागतं. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास आकार होतात. 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर. चक्र, सूर्य, ट्रक, दुसऱ्या, चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी तो वेगळाच दिसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला यात वेळ लागला तर ते मंद नाही हो, आपण त्याच्या पुढ्यात एवढा ढीग टाकलाय आणि तो उपसायला प्रत्येकाला सारखाच वेळ लागेल असं धरून चाललोय.

भात की शीत?

हे आपल्या गोव्याचं खास आहे म्हणून वेगळं लिहिते.

पहिलीच्या वर्गात मी एकदा वाक्य दिलं, 'आईने भात शिजवला.' एका मुलीनं ते बरोबर वाचलं पण कपाळाला आठ्या. विचारलं तर म्हणाली, भात कसो शिजयतात, भात कांडटात. तिच्या घरी कोंकणी, तिथे भात म्हणजे शेतातलं, सालीसकटचं, आणि ताटात वाढतात ते शीत. तिचं अगदी बरोबर होतं. ती वाचायला चुकली नव्हती, पुस्तकाचं मराठी आणि तिच्या घरची भाषा यांच्यात एक फट होती आणि ती फट तिला कुणी दाखवलीच नव्हती.

आता विचार करा, त्याच वर्गात कर्नाटकातून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत, घरी कन्नड बोलतात. एक-दोन घरी हिंदी. म्हणजे एका बाकावर पाणी, उदक, नीरू आणि पानी. या मुलांना मराठी शब्दाचा आवाज जुळवता येईल पण तो शब्द कानावर कधी पडलेलाच नसेल तर अर्थ कुठून येणार? आम्ही वर्गात एक शब्दांची भिंत केलीय, रोज एक वस्तू, तिचं चित्र आणि खाली घराघरातले शब्द. कन्नड मुलगा आपला शब्द सगळ्यांना म्हणून दाखवतो, त्या दिवशी तो टीचर. हे बाहेरून बघणाऱ्याला टाइमपास वाटतं. पण जो मुलगा जूनपासून तोंड उघडत नव्हता तो बोलायला लागतो तो याच भिंतीपाशी.

इथे कुणी तरी म्हणणारच, मग सरळ इंग्रजी मिडियमला घातलं असतं तर ही भानगडच नको. पण ज्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही तिथे ही फट आणखी मोठी होते, बुजत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असं आहे. कोणत्या माध्यमात घालायचं हा तुमचा प्रश्न, मी त्यात पडत नाही, फक्त माध्यम कुठलंही असो घरच्या भाषेचा हात धरूनच मूल पुढे जातं एवढं माझ्या वर्गात मी रोज बघते.

मग या ॲक्टिव्हिटी कशाला, शाळेत खेळायला पाठवतो का आम्ही?

जूनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. पहिलीच्या मुलाची वही पंधरा दिवसांनंतरही कोरी, घरी विचारलं तर म्हणतो आज खेळलो, गाणं म्हटलं, मातीचा बैल केला. पालक काळजीत. त्यांना सांगायचं ते असं की पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून शाळेची तयारी करून घ्यायची असा 'विद्याप्रवेश' नावाचा कार्यक्रमच आहे. बालवाटिकेतून आलेलं मूल आणि थेट घरातून आलेलं मूल एकाच वर्गात बसतात, त्यांना एका रांगेत आणायला वेळ लागतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रांचे तक्तेच आहेत.

पण पिटारा असो नसो, कारण महत्त्वाचं. मूल आधी वस्तू हाताळतं, मग तिचं चित्र समजतं आणि शेवटी चिन्ह. आपण बऱ्याचदा पहिल्या दोन पायऱ्या गाळून सरळ चिन्हावर उडी मारायला लावतो.

उदाहरण घ्या, ५२ वजा १७. दुसरी-तिसरीतली निम्मी मुलं उत्तर लिहितात ४५. बेफिकिरीनं नाही, त्यांनी नियम लावलेला असतो, मोठ्यातून लहान वजा करायचं, म्हणून सातातून दोन गेले पाच आणि पाचातून एक गेला चार. 'हातचा घे' म्हणून शंभरदा सांगितलं तरी ते पुढच्या आठवड्यात परत ४५. मग मी काय करते, माडाच्या चुडताचे हीर, झाडू करतात ते, बोटभर लांबीचे तोडून ठेवलेत. दहा-दहाच्या जुड्या रबर बँडनं बांधायच्या. मुलीच्या हातात पाच जुड्या आणि दोन सुटे. आता मला सतरा दे. ती एक जुडी देते आणि मग सात सुटे द्यायचे तर हातात दोनच. थोडा वेळ गप्प. मी काही बोलत नाही, बोलायचंच नसतं तेव्हा. मग ती स्वतःच विचारते, टीचर, हो रबर काडूं? काढ की. जुडी सुटते, बारा सुटे होतात, सात देते, पाच उरतात, जुड्या तीन. पस्तीस. हातचा म्हणजे काय ते त्या रबराच्या सुटण्यात तिला कळलं, आता वहीवर पाचाचे चार का करायचे हे कुणी सांगावं लागत नाही.

आकड्यांच्या नावांचंही असंच. बावन्न म्हणताना आपण दोन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी, म्हणून मूल २५ लिहितं. एकोणतीस ऐकू येतो तीस आणि लिहायचा २९. कन्नडमध्ये ऐवत्तेरडू, म्हणजे पन्नास आणि दोन, सरळ. त्या मुलाला मराठी आकडे उलटे वाटणारच. महाराष्ट्रात २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात याच कारणासाठी वीस एक, वीस दोन असं दिलं होतं तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. ते बरोबर की चूक यावर भांडू शकतो, पण अडचण खरी आहे.

आणि माटोळी, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात ती चौकट. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही वर्गात छोटी माटोळी बांधतो. कांगलां, करमलां, अंबाडे, तोरिंग, सुपारीची शिपटी, चिबूड, जे जिथे मिळेल ते मुलं आणतात. प्रत्येक वस्तूचं नाव घरच्या भाषेत आणि मराठीत, मग चिठ्ठी लिहून दोऱ्यानं बांधायची, हे झालं लेखन. वेलीवरचं कुठलं, झाडावरचं कुठलं, हे झालं वर्गीकरण. जड चिबूड एका टोकाला बांधला की चौकट कलंडते, मग दुसऱ्या टोकाला काय बांधू म्हणजे सरळ राहील, हे झालं वजन. एक मुलगा, वाचनात सगळ्यात मागे, त्याचं घर रानाला लागून. त्या दिवशी अख्खा वर्ग त्याच्याभोवती, हे खायचं, हे नुसतं बांधायचं, हे पावसातच मिळतं, असं तो सांगत होता आणि मी त्याचीच वाक्यं फळ्यावर लिहीत गेले. मग त्यालाच वाचायला सांगितलं. स्वतःची वाक्यं होती ती, ९-१० ओळी सलग वाचल्या त्यानं. पुस्तकातल्या तीन ओळी होत नव्हत्या त्याच्याच्यानं. नाताळात नक्षत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, करतो तेव्हा काठ्या मोजण्यातही हेच सगळं येतं.

गट कसे पाडतात, परीक्षा असते का

परीक्षा नाही. मार्क नाहीत. एकेका मुलाला बाजूला बसवून पाच-सात मिनिटं वाचायला देतात. आधी परिच्छेद, तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. जिथे मूल आरामात आहे ती त्याची पायरी. आकड्यांचंही तसंच, एक ते नऊ ओळखतो का, दोन अंकी ओळखतो का, हातच्याची वजाबाकी येते का. २००५ पासून खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन 'असर' नावाची पाहणी करतात त्यांचीही साधारण हीच पद्धत, आणि इतकी साधी आहे की तुम्ही घरी सुद्धा करून बघू शकता.

मग दिवसातला एक तास मुलं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, पायरीप्रमाणे बसतात. अक्षरांवर अडलेली एकीकडे, शब्दांवरची दुसरीकडे, त्यात दुसरीचा आणि तिसरीचा मुलगा शेजारी शेजारी आले तरी चालतं. बाकीचा दिवस नेहमीचा वर्ग. ही काही आमच्या शाळेची हौस नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' नावाच्या संस्थेनं वस्तीतल्याच मुलींना 'बालसखी' म्हणून नेमून तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं शिकवलं, त्याचा परिणाम मोजून बघितला गेला, तो अभ्यास २००७ ला छापून आला, मुलं खरंच पुढे गेली होती. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना मायकल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

'माझ्या मुलाला ढ म्हणून चिडवतील'

ही भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. एका शाळेत मी स्वतः पाहिलंय, जादा तासाला बसणाऱ्यांना शेवटच्या बाकावर बसवायचे आणि सगळ्यांसमोर नावं वाचायचे. असं केलं तर मूल शिकण्याऐवजी मिटून जातं. तुमच्या शाळेत असं होत असेल तर जरूर बोला, पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये बोला. आमच्याकडे त्या तासाला सगळीच मुलं कुठल्या ना कुठल्या गटात असतात, गटांना सुळसुळीत वाचणारे आणि अडखळणारे अशी नावं नाहीत, फळांची आहेत, आणि दर महिन्या-दीड महिन्यानं परत वाचून घेतो म्हणून गट बदलत राहतात. जो गट वर्षभर हलतच नाही तिथे काही तरी चुकतंय असं समजा.

'यात हुशार मुलांचं नुकसान नाही का?'

त्या तासाला पुढच्या पायरीवरची मुलं गोष्ट वाचून स्वतःची लिहितात, कधी धाकट्यांना वाचून दाखवतात. दुसऱ्याला समजावताना आपलं किती पक्कं आहे ते कळतं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. नुकसान होतं ते उलट बाजूनं, अर्धा वर्ग अडलेला असताना टीचर तोच धडा चौथ्यांदा सांगत राहते तेव्हा.

'त्यापेक्षा ट्यूशन लावतो' आणि 'नापासच करा ना'

ट्यूशनमध्ये बहुतेक वेळा शाळेतलंच होमवर्क करून घेतात, म्हणजे तिसरीचा धडा, आणि मूल अडलंय पहिलीच्या पायरीवर. पैसे जातात, संध्याकाळ जाते. शिवाय शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला २००९ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि त्याच कायद्यात प्रत्येक मुलाला किती समजतंय ते बघून गरज असेल तर जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे असं स्पष्ट आहे. म्हणजे जादा तास ही मेहेरबानी नाही, तुमच्या मुलाचा हक्क आहे, आणि फुकट आहे.

नापास करायचं म्हणाल तर चौथीपर्यंत तसं करता येत नाही. आणि करता आलं असतं तरी तोच वर्ग, तेच पुस्तक, तीच पद्धत परत एक वर्ष, यात ती राहिलेली खाच कुठे पाडली जाणार? मला तरी ते पटत नाही.

'त्याला डिसलेक्सिया तर नसेल?'

मोबाईलवर व्हिडिओ बघून हल्ली हा प्रश्न फार येतो. डिसलेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात कायमची अडचण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही अध्ययन अक्षमता आहे, आणि अशा मुलांना सवलती मिळतात. पण मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला ते नसतं. बहुतेकांच्या मागे साधी कारणं असतात, शाळा बुडालेली, भाषा वेगळी, कान वाहतोय म्हणून ऐकू कमी येतंय, फळा दिसत नाही, सकाळी काही न खाता आलाय. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. खरंच सांगते, दोन मुलांचं 'वाचन कच्चं' नुसत्या चष्म्यानं सुटलेलं मी बघितलंय. मग काही महिने नियमित जादा तास झाले तरी गाडी तिथेच असेल, घरात आणखी कुणाला तसा त्रास असेल, तर तज्ज्ञांकडे जा. साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं सांगणं कठीण असतं. आणि शिक्षकानं, म्हणजे मीसुद्धा, तुम्हाला 'याला डिसलेक्सिया आहे' असं सांगितलं तर ते शेवटचं समजू नका, ते ठरवायचा अधिकार आमचा नाही, आम्ही फक्त काय दिसतंय ते सांगू शकतो.

एकटी टीचर हे सगळं करणार कधी?

हा प्रश्न पालक विचारत नाहीत, मी स्वतःच विचारते. कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. आमच्या भागात मुलंच कमी, त्यामुळे आकडा बरा दिसतो, पण एकाच खोलीत चार इयत्ता आणि बाई एक. पहिलीला अक्षरं देऊन चौथीकडे वळावं तोवर दुसरीत भांडण. त्यात ऑनलाइन माहिती भरायची, फोटो पाठवायचे. ज्या दिवशी कागद जास्त त्या दिवशी पहिला बळी जातो तो जादा तासाचाच, कारण त्याची कुणी हजेरी घेत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पालकांनी एक गोष्ट करावी, मीटिंगला येऊन शौचालय, नळ, वर्गणी यांच्यासोबत हेही विचारावं की या महिन्यात जादा तास किती दिवस झाला. विचारणारं कुणी आहे म्हटलं की त्या तासाला किंमत येते.

एक मात्र आहे, चार इयत्ता एका खोलीत असल्या की पायरीप्रमाणे बसवणं सोपं जातं. मोठ्या शाळेत त्यासाठी वर्ग हलवावे लागतात, आमच्याकडे चटई फिरवली की झालं.

घरी काय करायचं

दुसरीपर्यंत होमवर्क देऊच नये असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातच आहे, तेव्हा वही भरून घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन पुरे, एक ओळ तुम्ही, एक ओळ तो. अडला तर तीनपर्यंत मनात मोजा, मग सांगा, लगेच नको आणि रागावून तर नकोच. वाचता न येणाऱ्या आया मला विचारतात आम्ही काय करायचं, तर त्यांनी मुलाला वाचायला लावून ऐकायचं आणि नंतर विचारायचं, काय झालं रे गोष्टीत, मला सांग. तुमच्या भाषेत विचारा, त्याला त्याच्या भाषेत सांगू दे, अर्थ पोचला की नाही ते तिथेच कळतं. बाजाराला नेता तेव्हा सुटे पैसे त्याला मोजू द्या. कदंबाच्या बसवरची पाटी वाचू द्या, बस सुटेपर्यंत वेळ असतोच. हीर तर प्रत्येक घरात आहेत.

किती महिने चालतं हे?

बांधकामाला परांची बांधतात ना, भिंत उभी राहीपर्यंत. भिंत सुकली की काढतात. कुणाची दिवाळीपर्यंत निघते, कुणाची मार्चपर्यंत राहते. जो मुलगा जोडाक्षरांशी अडला होता, ज्याची आई गेटपाशी उभी होती, तो जानेवारीत गोष्टीच्या गटात गेला. वजाबाकीला मात्र अजून हीर लागतात त्याला, आणि लागू देत.

तर यंदा चिठ्ठी आली की घाबरून जाऊ नका. या वर्षी मी त्यातला 'उपचारात्मक' शब्द काढून टाकलाय. सही करा, आणि सहीच्या खाली रिकामी जागा आहे तिथे घरी कुठली भाषा बोलता, मूल आजीशी कुठल्या भाषेत भांडतं, ते एका ओळीत लिहून पाठवा. मला वर्गात सगळ्यात आधी तेच लागतं.